पूरपातळीच्या वर नेलेली वीज : आमच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील कामाचा तीन पावसाळ्यांचा अनुभव

पंचगंगेच्या काठावरील एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रात विद्युत विभागाची जबाबदारी गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. या केंद्राची सगळी वीज व्यवस्था, म्हणजे ११ केव्हीच्या येणाऱ्या वाहिनीपासून शेवटच्या पंपाच्या मोटारीपर्यंत सारे काही, पूरपातळीच्या वर नेण्याचे काम एका खासगी कंपनीने आमच्यासाठी केले. ते २०२३ च्या मे महिन्यात पुरे झाले आणि त्यानंतर तीन पावसाळे त्याने पाहिले. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्यांपैकी निदान एकीचे मूळ आमच्याच निविदेत आहे. परंतु नदीकाठच्या ज्या नगरपालिका किंवा साखर कारखाने असे काम काढण्याच्या विचारात आहेत, त्यांना काम देण्यापूर्वी काय विचारावे हे कळावे, एवढ्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सांडपाणी उताराने वाहत येते, म्हणून प्रक्रिया केंद्र शहराच्या सर्वांत सखल जागी, बहुधा नदीला लागूनच बांधावे लागते. त्यामुळे पूर आला की पहिले पाणी केंद्रात शिरते. आमच्या जुन्या केंद्रात तर मोटारी चालवणारे मुख्य पॅनेल जमिनीपासून जेमतेम दीड फूट उंचीच्या ओट्यावर होते आणि त्याखाली केबलचा खंदक होता. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी तेथे ५५ फुटांच्या वर गेली आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्याही वर. पहिल्या पुरात कोल्हापूरची शिंगणापूर, बालिंगा आणि नागदेववाडी येथील पाणी उपसा केंद्रे बुडाली व शहराचा पाणीपुरवठा बंद पडला, हे त्या वेळी सर्वांनी वाचले. सांडपाण्याची केंद्रेही त्याच पाण्यात होती, पण त्यांची बातमी फारशी झाली नाही.

२०१९ चे पाणी ओसरल्यावर मी पॅनेलचे दार उघडले, तो क्षण अजून डोळ्यांसमोर आहे. तळाशी बोटभर जाडीचा मऊ, काळपट गाळ बसला होता, मोटारी चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या आत वाळू होती आणि बसबारवर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर, पाण्याच्या पातळीची रेघ इतकी सरळ उमटली होती की कोणी पट्टी लावून ओढली असावी. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र, लावला तर काटा शून्यावरून हलेना. आम्ही सगळे सुटे केले, स्वच्छ पाण्याने धुतले आणि हॅलोजनचे दिवे लावून कित्येक दिवस वाळवत बसलो. मोटारी कोल्हापूरच्या उद्यमनगरात रिवाइंडिंगला पाठवल्या, तर तेथे पुरात बुडालेल्या मोटारींची आधीच रांग लागलेली होती. दोनच वर्षांनी हेच सारे पुन्हा करावे लागले, तेव्हा वाळवण्याचा हा कार्यक्रम दर पुरानंतर चालवणे परवडणार नाही, हे सर्वांच्याच लक्षात आले.

वीज गेल्याने नेमके काय बिघडते, हे बाहेरच्या माणसाला चटकन समजत नाही. आमच्याकडे सांडपाण्यातील घाण खाण्याचे काम टाक्यांतले जिवाणू करतात आणि त्यांना ब्लोअरने सतत हवा द्यावी लागते. हवा थांबली की थोड्याच वेळात पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपतो. दोनतीन दिवसांत टाकी काळी पडते, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि ते जिवाणू मरू लागतात. पूर ओसरल्यावर वीज आली तरी केंद्र त्या दिवशी सुरू होत नाही. शेणकाला टाकून किंवा दुसऱ्या केंद्रातला जिवंत गाळ टँकरने आणून पुन्हा वाढ करावी लागते आणि त्यात काही आठवडे जातात. तोपर्यंत सगळे सांडपाणी जवळजवळ जसेच्या तसे नदीत जाते आणि खालच्या गावांना तीच नदी प्यावी लागते. म्हणून आमची कंपनीकडे मागणी सोपी होती. पुरात संपूर्ण प्रक्रिया चालू राहिली नाही तरी चालेल, पण एक ब्लोअर आणि आत शिरलेले पाणी बाहेर टाकणारे पंप कोणत्याही परिस्थितीत बंद पडू नयेत.

पहिला वाद झाला तो उंचीवर. जलसंपदा विभागाच्या पूररेषांमध्ये निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. कंपनीच्या सल्लागाराने जुन्या नकाशातली लाल रेषा धरून त्यावर अर्धा मीटर वाढवून आराखडा आणला. आमच्या पंपघराच्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची खूण ऑपरेटरांनी तेलरंगाने रंगवून ठेवलेली होती. लेव्हल लावून मोजले, तेव्हा ती खूण आराखड्यातल्या लाल रेषेच्याही वर निघाली. कंपनीची जमेची बाजू अशी की त्यांनी हट्ट केला नाही. दुसऱ्याच आठवड्यात सुधारित आराखडा आला, ज्यात पॅनेलच्या खोलीची जमीन २०२१ च्या खुणेपेक्षा एक मीटर वर धरली होती. यामुळे खांबांवर उभी केलेली दुमजली इमारत बांधावी लागली आणि स्थापत्य कामाचा खर्च विजेच्या कामापेक्षा जास्त झाला. अंदाजपत्रक करताना याची तयारी ठेवावी, कारण पहिल्या बैठकीत बहुतेक जण केवळ पॅनेलची किंमत विचारतात.

पहिल्या मजल्यावर तेलाचा ट्रान्सफॉर्मर नेणे अवघड आणि आगीच्या दृष्टीने गैरसोयीचे, म्हणून ६३० केव्हीएचा कोरडा, रेझिनमध्ये ओतलेला ट्रान्सफॉर्मर बसवला. हा निर्णय योग्यच ठरला. मात्र कोरड्या ट्रान्सफॉर्मरला खेळती हवा लागते आणि सांडपाण्याच्या केंद्रातली हवा साधी नसते, इकडे कंपनीचे लक्ष नव्हते. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तांबे आणि चांदी काळी करतो, रिलेचे संपर्कबिंदू खराब करतो आणि इलेक्ट्रॉनिक कार्डे हळूहळू खाऊन टाकतो. पूर दोनपाच वर्षांतून एकदा येतो, हा वायू मात्र वर्षाचे ३६५ दिवस असतो. कंपनीने नव्या खोलीच्या हवेच्या झडपा नेमक्या सांडपाणी आत येते त्या चेंबरच्या दिशेला काढल्या होत्या. आम्ही हरकत घेतल्यावर त्या विरुद्ध भिंतीत घेतल्या, आत हवा ढकलणाऱ्या पंख्याला सक्रिय कोळशाचे फिल्टर बसवले आणि बसबार कथील चढवलेले दिले. ही दुरुस्ती त्यांनी जादा पैसे न मागता केली, याची नोंद मी आवर्जून करतो. तीन वर्षांनंतर आजही त्या पॅनेलमधले तांबे उजळ आहे.

आता केबलविषयी, कारण या कामाची खरी परीक्षा तेथे झाली. पॅनेल वर गेले म्हणजे काम झाले असे आम्हां सर्वांनाच वाटत होते. आमच्या एका जुन्या शिफ्ट ऑपरेटरांनी नवी इमारत खालून वरपर्यंत पाहिली आणि म्हणाले, “साहेब, पॅनेल वर गेलं खरं, पण केबल खालनंच येत्यात की. पाणी त्या वाटेनंच वर चढणार.” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. पंपघराची खालची खोली पूरपातळीखालीच राहणार होती आणि तिच्या भिंतीतून केबल आत घेण्यासाठी अनेक भोके होती. निविदेत त्या भोकांसाठी ‘योग्य रीतीने बंद करणे’ एवढेच शब्द होते. कंपनीच्या मजुरांनी ती फोम आणि सिमेंटने बंद केली. बाहेरून पाहता काम नीटनेटके दिसत होते.

मी आग्रह धरून एक चाचणी करून घेतली, जी कोणत्याच कागदावर नव्हती. बाहेरच्या खंदकाची दोन्ही टोके बंद केली, टँकरने पाणी आणून तो काठोकाठ भरला आणि चोवीस तास तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत उतरलो, तर तीन ठिकाणांहून पाणी झिरपत होते आणि एका भोकातून तर करंगळीएवढी धार लागलेली होती. तिथे पाणी केबलच्या बाजूने येत नव्हते. पूर्वी कधीतरी फाटलेल्या जुन्या केबलच्या आवरणाच्या आतून ते वाहत येत होते. बाहेरून कितीही सिमेंट लावले असते तरी ते थांबले नसते. कंपनीच्या साइट इंजिनिअरने हे स्वतः खाली उतरून पाहिले. त्यानंतर भिंतीत लोखंडी चौकट बसवून प्रत्येक केबलला तिच्या जाडीचे रबरी ठोकळे घट्ट दाबून बसवण्याची पद्धत वापरली गेली आणि जुन्या केबल पूर्णपणे काढून नव्या टाकल्या. दुसऱ्या चाचणीत आतली भिंत कोरडी राहिली. ही एक चाचणी केली नसती, तर पुढच्याच पुरात सगळ्या खर्चावर पाणी पडले असते, असे मी खात्रीने सांगतो.

केंद्र बंद न ठेवता जुन्या पॅनेलवरून नव्या पॅनेलवर भार हलवणे, हा या कामातला सर्वांत जोखमीचा टप्पा होता आणि तेथे कंपनीने जे नियोजन केले ते मला मनापासून आवडले. सांडपाण्याची आवक पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान सर्वांत कमी असते. आवकीच्या नोंदी मागून घेऊन त्यांनी एका रात्री एकच फीडर, म्हणजे पॅनेलवरून निघणारी एकच वीजवाहिनी, हलवायची असे ठरवले, भाड्याचा एक जनरेटर तयार ठेवला आणि प्रत्येक रात्रीसाठी कोण कोणता ब्रेकर उघडणार आणि चावी कोणाकडे राहणार याचा स्वतंत्र कागद केला. सोळा रात्री हे काम चालले. त्यातली एकच रात्र बिघडली. एका पंपाची जोडणी झाल्यावर फेजचा क्रम, म्हणजे तीन तारांच्या जोडणीचा क्रम, तपासायचा राहिला आणि पंप उलटा फिरत राहिला. उलटा फिरणारा पंपही थोडेफार पाणी देतोच, त्यामुळे पॅनेलवर सगळे ठीक दिसत होते. सम्पची, म्हणजे पंप ज्यातून पाणी उपसतो त्या खड्ड्याची, पातळी मात्र चढत गेली आणि पहाटे चारला ऑपरेटरच्या लक्षात आले. नुकसान झाले नाही, पण अशी चूक एवढ्या अनुभवी कंपनीकडून अपेक्षित नव्हती. पुढच्या प्रत्येक कागदावर फेजक्रमाच्या तपासणीची वेगळी ओळ आणि सही आली.

विद्युत निरीक्षकांची परवानगी, अर्थिंगच्या नोंदी आणि महावितरणकडील कागदपत्रे त्यांनी वेळेत केली. त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

जनरेटरविषयी मात्र बरेच सांगायचे आहे. पुराचा धोका दिसला की महावितरण सुरक्षिततेसाठी त्या भागाची वीज स्वतःच बंद करते आणि ते योग्यच आहे. म्हणजे पूर किती उंच आला याच्याशी संबंध न ठेवता आपल्याला स्वतःच्या विजेवर अनेक दिवस काढावे लागतात. आमच्या निविदेत ५०० केव्हीएचा एक जनरेटर मागितला होता आणि तोच मिळाला. निविदापूर्व बैठकीत कंपनीच्या माणसाने २५० केव्हीएचे दोन घ्या असे सुचवले होते, पण आम्ही ऐकले नाही. ही चूक आमची आहे. पुराच्या काळात आमचा भार साधारण १०० किलोवॅटवर येतो, म्हणजे त्या मोठ्या यंत्राच्या क्षमतेच्या पाव भागावर. इतक्या कमी भारावर डिझेल इंजिन दिवसचे दिवस चालवले की इंधन पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमध्ये काजळी आणि तेल साचते आणि ऐन वेळी यंत्र दगा देण्याची शक्यता वाढते. दोन लहान जनरेटर असते तर एक निम्म्या क्षमतेवर निवांत चालला असता आणि दुसरा हाताशी राहिला असता.

डिझेलच्या साठ्याचा विचारही आधीच करावा लागतो. एका भांड्यात १००० लिटरपेक्षा जास्त नाही आणि एकूण २५०० लिटरच्या आत, एवढा डिझेलचा साठा परवान्याशिवाय ठेवता येतो. म्हणूनच बाजारात ९९० लिटरच्या टाक्या जास्त दिसतात. आमच्याकडे अशा दोन टाक्या वरच्या मजल्यावर आहेत आणि पुराच्या कमी भारावर त्या जवळपास तीन दिवस पुरतात. २०१९ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता आणि डिझेलचे टँकर पलीकडे अडकून पडले होते, हे लक्षात घेता तीन दिवसही मला कमी वाटतात. परवाना काढून साठा वाढवण्याचा आमचा प्रस्ताव सध्या मंजुरीसाठी आहे.

जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली आणि या व्यवस्थेची पहिली खरी परीक्षा झाली. २०१९ किंवा २०२१ च्या मानाने हा पूर लहान होता, तरी आमच्या आवारात मांडीएवढे पाणी आले. महावितरणची वीज गेली आणि काही सेकंदांतच जनरेटर आपोआप सुरू झाला. पंपघराची खालची खोली कोरडी होती. मी मध्यरात्री दोनदा बॅटरी घेऊन त्या रबरी ठोकळ्यांच्या चौकटीपाशी जाऊन हात लावून पाहिला आणि दोन्ही वेळा हात कोरडाच राहिला. टाक्यांतला एक ब्लोअर एकदाही थांबला नाही आणि पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी केंद्र पूर्ण क्षमतेने चालू झाले. २०२१ मध्ये त्याच गोष्टीला आम्हांला दोन महिने लागले होते.

तरीही दोन त्रुटी त्या रात्री उघड झाल्या. आवारातल्या दिव्यांच्या खांबांचे जंक्शन बॉक्स जमिनीपासून फूटभर उंचीवरच राहिले होते आणि त्यांचा फीडर, आराखड्यातल्या चुकीमुळे, सांडपाण्याच्या झडपा उघडणाऱ्या मोटारींच्याच ब्रेकरवर होता. पहिल्या बॉक्समध्ये पाणी शिरताच तो ब्रेकर पडला आणि झडपा हाताने फिरवाव्या लागल्या. शिवाय प्रत्येक पंपाशेजारचे चालू-बंद बटणांचे डबे जुन्याच जागी होते. त्यांपैकी एकात पाणी गेल्याने एक पंप उगाचच थांबला. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे. म्हणून आता नदी बंधाऱ्यावर ३९ फुटांना पोहोचली की जमिनीवरचे सगळे फीडर आधीच बंद करून कुलूप लावायचे, असा लेखी नियम आम्ही केला आहे.

विक्रीनंतरच्या सेवेबाबत मी समाधानी नाही. त्या रात्री कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन केला, तेव्हा तक्रार नोंदवून घेतली आहे एवढेच उत्तर मिळाले आणि तंत्रज्ञ आला तो तिसऱ्या दिवशी. रस्ते बंद होते हे मला मान्य आहे. पण पूरप्रवण केंद्राची देखभाल ज्यांनी स्वीकारली आहे, त्यांनी पावसाळ्यात एक तंत्रज्ञ नदीच्या अलीकडे ठेवायला हवा होता. मदत खरी झाली ती ज्यांनी काम केले होते त्या साइट इंजिनिअरची. ते तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होते, तरी रात्री दीड वाजता फोनवर राहून त्यांनी आमच्या ऑपरेटरला कोणती तार कोठून सोडवायची ते एकेक करून सांगितले आणि थांबलेला पंप वीस मिनिटांत सुरू झाला. मोटारीचा वेग कमीजास्त करणाऱ्या व्हीएफडी यंत्राचे एक इलेक्ट्रॉनिक कार्ड बिघडले तेव्हाही पर्यायी कार्ड यायला पाच आठवडे लागले. अशी कार्डे केंद्रातच शिल्लक ठेवण्याची अट आता आम्ही घातली आहे.

आणखी एक गोष्ट कंपनीच्या कामात नव्हती, पण ती आराखड्यात असायला हवी होती असे मला वाटते. पुरात चार दिवस त्या वरच्या मजल्यावर दोन माणसे राहतात. त्यांच्यासाठी तेथे पिण्याच्या पाण्याची टाकी नव्हती आणि शौचालयही नव्हते, आणि बाहेरच्या जिन्याला होडी बांधायला कडीदेखील नव्हती. आमच्या माणसांनी पहिल्या पुरात पाण्याचे कॅन डोक्यावरून वाहून नेले. जिन्याला कडी आम्ही नंतर स्थानिक वेल्डरकडून लावून घेतली आणि शौचालयाचे बांधकाम आता चालू आहे.

एकंदर कामाला मी पाचपैकी चार गुण देईन. बांधणी, भार हलवण्याचे नियोजन आणि चूक दाखवली की दुरुस्त करण्याची तयारी या तिन्ही बाबतींत ही कंपनी मी पाहिलेल्या इतरांपेक्षा सरस आहे. कापलेला एक गुण पुरातल्या सेवेसाठी आहे. येत्या मार्चमध्ये देखभालीच्या कराराचे नूतनीकरण आहे. जून ते सप्टेंबर एक तंत्रज्ञ कोल्हापुरात मुक्कामी, दर मे महिन्यात खंदक भरून चोवीस तासांची चाचणी आणि बटणांचे डबे वर नेणे, या तीन अटी मान्य झाल्या तरच सही करावी, असे मी वरिष्ठांना लेखी कळवले आहे.